जुनें धनुष्य ठेवावें कीं नवें घ्यावें?

घरांतील जुनी वस्तु केव्हां ठेवावी आणि केव्हां बदलावी, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबांत वरचेवर उद्भवतो. पाटा झिजला तर त्यास टांकी लावून घेतात. पितळी भांड्यांस कल्हई करितात. वडिलांचें घड्याळ बंद पडलें तरी भिंतीवरून काढवत नाहीं. परंतु गेल्या गणेशचतुर्थीस आमच्या सांगलीच्या घरीं सर्व मंडळी जमली असतां जी वस्तु वादास कारण झाली ती पाटाही नव्हे आणि घड्याळही नव्हे. तें एक धनुष्य होतें. ब्राह्मणाच्या घरांत धनुष्याचें काय काम, असें शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनीं मला विचारलेंच. द्रोणाचार्यांचें नांव सांगून मीं त्यांस गप्प बसविलें. परंतु घरांतल्या मंडळींस गप्प बसविणें इतकें सोपें नव्हतें.

हकीकत अशी. माझी नात शिक्षणासाठीं साताऱ्यास माझ्या धाकट्या बंधूंकडे राहते. तिचें वय पंधरा. तेथें ती चार वर्षें धनुर्विद्या शिकत आहे. बंधूंचे चिरंजीव अमेरिकेंत असतात. दीड वर्षापूर्वीं ते इकडे आले तेव्हां त्यांनीं आपलें स्वतःचें एक कंपाउंड धनुष्य पुतणीसाठीं आणलें. तें शिकारीच्या बनावटीचें असून दहाबारा वर्षांचें जुनें आहे. मुलीस आकाश ठेंगणें झालें. तोंपर्यंत ती मैदानावरील सर्वांच्या वापराचें धनुष्य पाळीपाळीनें ओढीत असे. आतां तिला स्वतःचें मिळालें. आणि आतां दीड वर्षानें तिचे गुरुजी म्हणूं लागले कीं हें धनुष्य बदला. नवें, चढाओढींत वापरतात तसें, बाण व इतर सरंजाम धरून अडीच लाखांच्या घरांत जातें.

वाद समजण्यासाठीं प्रथम ही वस्तु काय आहे तें सांगितलें पाहिजे. अमरकोशांत धनुष्यास चाप, धन्व, शरासन, कोदंड, कार्मुक, इष्वास अशीं नांवें आहेत. मधल्या मुठीच्या जागेस लस्तक म्हटलें आहे, टोंकांस अटनी, आणि दोरीचा फटका हातास लागूं नये म्हणून बांधावयाच्या चामड्यासही गोधा असा स्वतंत्र शब्द आहे. विष्णूच्या धनुष्यास शार्ङ्ग म्हणतात, तें शिंगाचें म्हणून. लांकूड, शिंग व स्नायु एकत्र सांधून धनुष्य करण्याची विद्या आशियांत फार जुनी आहे. परंतु कंपाउंड म्हणजे हें सांधीव धनुष्य नव्हे. त्याचा जन्म अगदीं अलीकडचा आहे. अमेरिकेंतील मिझूरी प्रांतांत हॉलिस विल्बर ॲलन नांवाच्या गृहस्थांस हरणांच्या शिकारीचा नाद होता. बाण अधिक वेगानें जावा म्हणून त्यांनीं धनुष्याच्या दोन्ही टोंकांस चाकें बसविण्याचा प्रयोग केला. १९६६ सालीं त्यांनीं त्याच्या पेटंटासाठीं अर्ज केला व १९६९ सालीं तें त्यांना मिळालें.

या चाकांस कॅम म्हणतात. त्यांतली खुबी अशी कीं, साधें धनुष्य जितकें अधिक ओढावें तितकें जड होत जातें. या धनुष्यांत मात्र मध्यापर्यंत भार चढतो आणि पुढें चाक फिरून एकदम उतरतो. चाळीस पौंडांचें धनुष्य असेल व शेंकडा पंचाहत्तर भार उतरत असेल, तर पूर्ण ओढल्यावर हातावर केवळ दहा पौंड राहतात. त्यामुळें नेम धरून सावकाश उभें राहतां येतें. पण या सोयीची एक किंमत द्यावी लागते. साधें धनुष्य उंच माणसानें थोडें जास्त ओढावें, ठेंगण्यानें थोडें कमी. दोघांचेंही काम भागतें. कंपाउंडाची ओढ चाकानें बांधलेली असते. ठराविक इंचांवर ती भिंतीसारखी अडते, आणि भार उतरतो तो तेथेंच. म्हणजे हें धनुष्य सदऱ्यासारखें अंगावर मापूनच घ्यावें लागतें. ही एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण माझी चूक येथेंच झाली.

साताऱ्याचें आणि या धनुष्याचें नातें आतां जगजाहीर आहे. ऑगस्ट १९२३ नव्हे, २०२३ (माझ्या पिढीची लेखणी शतक चुकते) मध्यें बर्लिन येथें जागतिक अजिंक्यपदाच्या स्पर्धा झाल्या. तेथें साताऱ्याच्या अदिति स्वामी या सतरा वर्षांच्या मुलीनें मेक्सिकोच्या आन्द्रेआ बेसेरा हिला १४९ विरुद्ध १४७ असें जिंकून कंपाउंड प्रकाराचें वैयक्तिक विश्वविजेतेपद मिळविलें. त्याच दिवशीं नागपूरचा, परंतु साताऱ्यास येऊन शिकलेला, ओजस देवतळे पुरुषांत विजयी झाला; त्यानें पंधराही बाण दहाच्या वर्तुळांत मारून १५० पैकीं १५० गुण घेतले. दोघांचे गुरु प्रवीण सावंत. आणि ज्या जागीं हीं मुलें शिकलीं ती जागा उंसाच्या शेतांतली. अदितीचे वडील गणिताचे शिक्षक आहेत, हें वाचून माझ्यासारख्या मास्तरास विशेष आनंद झाला हें लपवीत नाहीं. त्याच वर्षीं हांगचौच्या आशियाई स्पर्धांत ओजसनें तीन सुवर्णपदकें आणलीं. आणि २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकांत कंपाउंडाच्या मिश्र जोडीची स्पर्धा प्रथमच घेण्याचें ठरलें आहे. अशा बातम्यांनीं साताऱ्याच्या घराघरांत काय होत असेल याची कल्पना वाचकांनीं करावी. आमच्याही घरांत तेंच झालें. मुलगी झोपेंतसुद्धां उजवें कोपर मागें घेते असें तिची चुलत आजी सांगते.

असो. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशीं ऋषीपंचमीची भाजी खाऊन आम्ही ओसरीवर बसलों आणि धनुष्याचा विषय निघाला. माझ्या मुलाचें म्हणणें, घराच्या मागील बाजूचें छत गळतें, तें आधीं. बंधूंस निराळेंच दुःख होतें. त्यांच्या मुलानें एवढ्या दुरून, सामानांत जपून, विमानतळावर दोन तास खोळंबून आणलेली वस्तु दीड वर्षांत नाकारावयाची, म्हणजे त्याच्या प्रेमाचा अव्हेर होतो असें त्यांस वाटे. ते तसें स्पष्ट बोलले नाहींत. "दादा म्हणतील तसें" एवढेंच म्हणाले. बंधू "दादा म्हणतील तसें" म्हणतात तेव्हां दादांनीं काय म्हणावें हें त्यांनीं आधींच ठरविलेलें असतें, हें मला साठ वर्षांच्या अनुभवानें ठाऊक आहे.

मीं निकाल दिला. मी म्हणालों, "अभ्यास वाढवावा. धनुष्य काय करील? नाचतां येईना अंगण वाकडें." आणि वर एकलव्याचें उदाहरण दिलें. नात कांहीं बोलली नाहीं. ती उठून आंत गेली.

रात्रीं सौभाग्यवतीनें मला एकच प्रश्न केला. "थोरल्या नातवास दोन वर्षांपूर्वीं क्लाससाठीं परगांवीं ठेविलें, त्याचे पैसे भरतांना ओसरीवर सभा भरली होती का हो?" मला उत्तर सुचलें नाहीं. सभा भरली नव्हती. रक्कम जवळजवळ तेवढीच होती, ती दोन हप्त्यांत भरली, आणि त्या मुलास अभ्यास वाढवावा असें मीं सांगितलें तें पैसे भरल्यानंतर.

पुढील आठवड्यांत मी एस.टी.नें साताऱ्यास गेलों. मैदानावर जाण्याचा माझा तो पहिलाच प्रसंग, हें लिहितांना लाज वाटते. चार वर्षांत मीं तिचे गुण विचारले, पदकें पाहिलीं, पण ती धनुष्य कशी ओढते हें कधीं पाहिलें नव्हतें. पन्नास मीटरांवर ऐंशी सेंटिमीटरांचें लक्ष्य. त्यांतलें दहाचें वर्तुळ आठ सेंटिमीटरांचें, म्हणजे चहाच्या बशीहूनही लहान. तेथें बहात्तर बाण मारावयाचे, पूर्ण गुण ७२०. तिच्या गुरुजींनीं मला बाजूस खुर्ची दिली आणि बोलण्याऐवजीं एक शिंप्याची टेप काढली. मुलीस दोन्ही हात पसरून उभें केलें. या बोटाच्या टोंकापासून त्या बोटाच्या टोंकापर्यंत पासष्ट इंच भरले. त्यास अडीचनें भागावें, म्हणजे ओढीची लांबी अंदाजानें येते. पासष्टास अडीचनें भागिलें तर सव्वीस. मग त्यांनीं तिच्या धनुष्यावरचा आंकडा मला दाखविला. साडेअठ्ठावीस.

अडीच इंच म्हणजे काय, असें कोणी म्हणेल. तिनें धनुष्य ओढलें आणि मला दिसलें. दोरी हनुवटीच्या कडेस व नाकाच्या शेंड्यास टेकावी, ती तिच्या गालावरून मागें कानापर्यंत गेली होती. दोरींत बसविलेल्या बारीक भोंकांतून पाहावयाचें, तर त्यासाठीं तिला मान मागें मोडावी लागे. डावा खांदा वर चढून कानाशीं भिडला होता. आपल्या काकाच्या हातांच्या मापाचें धनुष्य ती दीड वर्ष आपल्या हातांनीं ओढीत होती. तिचा खांदा संध्याकाळीं दुखतो, हें तिच्या चुलत आजीस ठाऊक होतें, बंधूंस ठाऊक होतें, आणि माप चुकतें आहे हें गुरुजींनीं सहा महिन्यांपूर्वीं घरीं सांगितलें होतें. सांगलीस कोणी कळविलें नाहीं. कारण दादांचें मत काय पडेल हें सर्वांस ठाऊक होतें! पस्तीस वर्षें मीं वर्गांत मुलांस शिकविलें. एखाद्याचें अक्षर वाईट आलें तर आधीं त्याचा टांक पाहावा, बांक उंच आहे कीं काय तें पाहावें, हें मीं नव्या शिक्षकांस सांगत असें. आणि घरच्या मुलीस म्हण ऐकविली.

चाकावरचा एक लहान तुकडा बदलून ही लांबी कमी करतां येते. कित्येक धनुष्यांत तो नुसता सरकवितां येतो. परंतु या नमुन्यांत तो बदलावाच लागतो, आणि कारखान्यानें हा नमुना कांहीं वर्षांपूर्वींच बंद केल्यामुळें सव्वीस इंचांचा तुकडा आतां मिळत नाहीं. गुरुजींनीं दोन ठिकाणीं शोध केला होता.

शिकारीचें व लक्ष्यवेधाचें धनुष्य यांत आणखी एक भेद आहे, तो मला तेथें नीट कळला. शिकारी झाडावर किंवा झुडुपांत बसतो, म्हणून त्याचें धनुष्य आंखूड व हलकें करितात, आणि जनावर दचकण्यापूर्वीं बाण पोंचावा म्हणून वेगावर सारा भर देतात. जाहिरातींत वेगाचेच आंकडे असतात. लक्ष्य मात्र कोठें पळून जात नाहीं. पन्नास मीटर हे पन्नास मीटरच राहतात. तेथें वेगापेक्षां स्थैर्य हवें. म्हणून तें धनुष्य लांब असतें, हातांत संथ राहतें, आणि सुटतांना मनगट किंचित् हललें तरी फार शासन करीत नाहीं. आमच्याकडे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकार बंदच झालेली आहे. तेव्हां शिकारीच्या धनुष्याचा जो खरा गुण, त्याचा येथें उपयोग नाहीं आणि दोष तेवढा पदरीं पडतो.

याचा अर्थ जुनें तें टाकावें असा मात्र कोणी घेऊं नये. ज्या घरीं असें धनुष्य आलें असेल त्यांनीं प्रथम माप पाहावें. माप जुळत असेल, आणि ओढीचें वजन मुलास झेपेल इतकें उतरवितां येत असेल, तर त्यावर दोनतीन वर्षें खुशाल काढावीं; नुसत्या नव्या धनुष्यानें गुण वाढत नाहींत. दोरी व तारा मात्र दोनतीन वर्षांनीं बदलाव्याच लागतात, त्यांतले धागे फुगूं लागले, सुटूं लागले तर त्याआधींही. हें काम घरीं करूं नये. साध्या धनुष्याप्रमाणें गुडघ्यानें वांकवून याची दोरी काढतां येत नाहीं. त्यासाठीं दाबयंत्र असतें आणि जाणता माणूस लागतो. उरलेले पैसे बाणांवर घालावेत. बाणाची कांडी किती लवचिक असावी हें ओढीच्या वजनावर व बाणाच्या लांबीवर ठरतें; न जुळणाऱ्या बाणांनीं उत्तम धनुष्यही भरकटतें, आणि फार हलका बाण तर धनुष्यासच अपाय करितो. नात वापरीत होती ते बाण काकांनीं धनुष्याबरोबर दिलेलेच होते, हें ऐकून गुरुजी फक्त हंसले.

एक धोका स्वतंत्र सांगितला पाहिजे. बाण न लावतां धनुष्य ओढून सोडूं नये. बाणास जी शक्ति मिळावयाची ती तशा वेळीं परत धनुष्याच्या अंगांत शिरते, आणि त्याचीं वरखालचीं पातीं तडकतात. हें ऐकतांच मला मागल्या दिवाळीची आठवण झाली. सर्व मंडळी सांगलीस असतां थोरल्या नातवानें दिवाणखान्यांत हें धनुष्य उचलून, चुलत भावंडांस दाखविण्यासाठीं ओढलें होतें आणि त्याच्या हातून तें सुटलें होतें. मोठा आवाज झाला. बाहेरून कांहीं दिसलें नाहीं, म्हणून मीं त्यास चार शब्द बोलून विषय संपविला. गुरुजींनीं कापसाचा बोळा मागविला व पात्यांवरून हळूहळू फिरविला. वरचें पातें स्वच्छ निघालें. खालच्या पात्यावर, चाकापासून चार बोटांवर, कापसाचे तंतू अडकले. डोळ्यांस दिसणार नाहीं अशी चीर तेथें होती. दिवाळीपासून ती मुलगी रोज तें धनुष्य तोंडाजवळ ओढीत होती.

त्यानंतर बोलण्यासारखें फारसें उरलें नाहीं. मी बंधूंच्या घरीं जेवावयास बसलों तेव्हां त्यांना महाप्रस्थानाची कथा आठवून दिली. पांडव निघाले तरी अर्जुनास गांडीव टाकवेना. शेवटीं अग्नि वाटेंत उभा राहिला व तें वरुणास परत दे म्हणाला, आणि अर्जुनानें तें पाण्यांत सोडलें. बंधू ऐकून घेऊन म्हणाले, "खरें आहे दादा. पण गांडीव विमानानें आलें नव्हतें." मग मीं तेथूनच त्यांच्या मुलास फोन लावविला. बंधू पाठ फिरवून खिडकीशीं उभे राहिले. चिरंजीव म्हणाले, "दादाकाका, कोणतें धनुष्य? हां, तें! मी नवें घेतलें तेव्हांपासून तें माझ्या गॅरेजमध्यें पडूनच होतें. माप नाहीं जुळत तर टाकून द्या ना; मला आधीं कां नाहीं विचारलेंत?" बंधूंनीं खिडकी लावून घेतली व वाढा म्हणाले.

नवें मात्र आम्हीं घेतलें नाहीं. मैदानावरच एक विद्यार्थिनी वरच्या गटांत जाऊन दुसरें धनुष्य घेणार होती; तिचें तीन वर्षें वापरलेलें, लक्ष्यवेधाच्या बनावटीचें धनुष्य नव्याच्या निम्म्याहून कमी किंमतींत मिळालें. त्याची ओढ अर्ध्याअर्ध्या इंचानें वाढवितां येते, म्हणजे मुलगी उंच झाली तरी चालेल. दोरी व तारा नव्या घातल्या, बाण मापून घेतले. पैसे सूनबाईंनीं आणि मीं अर्धेअर्धे घातले. छत पुढील उन्हाळ्यांत होईल. तोंवर मागच्या खोलींत घंगाळ ठेविलें आहे. पहिल्या तीन आठवड्यांत तिचे गुण पूर्वीपेक्षांही उतरले. दीड वर्ष मोडून पडलेली मान व खांदा सरळ होण्यास वेळ लागतो, असें गुरुजी म्हणतात. सांगलीहून मी आतां रविवारीं फोन करितों तेव्हां गुण विचारीत नाहीं, खांदा विचारतों.

जुन्या धनुष्याचे भाग गुरुजींनीं यंत्रावर सुटे करून दिले. तडकलेलें पातें कोणाच्या हातीं लागूं नये म्हणून त्याचे दोन तुकडे केले. एक चाक नातीनें मला पाठविलें आहे. हा लेख लिहितांना कागद उडूं नयेत म्हणून तेंच वर ठेविलें आहे.